खालची रेघ

बीडच्या मीटिंगमध्ये पडद्यावरच्या दोन रेघांपैकी आपली कोणती हे कळावं म्हणून सुग्रीवने चष्मा कपाळावर ढकलला, मग पुन्हा नाकावर ओढला. वरची लाल रेघ देशाची होती. ती दर वर्षी थोडी थोडी चढत उजवीकडे गेली होती. खालची निळी रेघ जिल्ह्याची. ती मुळातच खाली होती आणि पुढे जाता जाता आणखी वाकली होती. वर लिहिलं होतं, फुप्फुसाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू, दर लाख लोकांमागे.

"बघा," मोठे साहेब खुर्चीतूनच म्हणाले, "देशात वाढतोय आणि आपल्याकडं कमी होतोय. चांगली हवा, ज्वारीची भाकरी. दुसरं काय."

टाळ्या पडल्या. सुग्रीवनेही वाजवल्या. तालुक्याचा टीबी पर्यवेक्षक म्हणून बावीस वर्षांत त्याने इतक्या मीटिंगांना इतक्या टाळ्या वाजवल्या होत्या की हात आता आपोआप उठत. आणि मागास म्हणून नाव पडलेल्या जिल्ह्याला कुणी देशापेक्षा बरं म्हणत असेल, तर हात आखडता घेणारा तो कोण?

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या फक्त प्रणिताने, आणि रेघा तर तिनेच काढल्या होत्या. आकडेवारीच्या कामावर नवीन आलेली ही पोर आष्टीला वडिलांच्या किराणा दुकानात वाढलेली. तराजूचा काटा मधोमध येऊन थांबल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिने बटण दाबलं आणि तिसरी रेघ आणली. टीबीचं औषध चालू असताना दगावलेले रुग्ण. ही रेघ देशाच्या रेघेच्या वर होती. पन्नाशीपुढच्या बायकांची वेगळी काढली तर फारच वर.

"सर, हवा इतकी चांगली आहे, तर मग ह्या बायका कशानं जातात?"

"ते चहानंतर बघू," साहेब म्हणाले.

चहानंतर कुणी काही बघितलं नाही. सरकारी मीटिंगमध्ये चहानंतर बघू म्हणजे काय, हे नवीन माणसाला कळायला एखादं वर्ष लागतं. प्रणिता मात्र कप घेऊन थेट सुग्रीवसमोर येऊन उभी राहिली.

"काका, बेडक्यात जंतू सापडले नाहीत, नुसत्या छातीच्या फोटोवरून औषध सुरू केलं, आणि औषध चालू असतानाच गेले. असे तुमच्याकडं किती?"

सुग्रीवला वही उघडावी लागली नाही.

"पाच वर्षांत एकतीस."

"त्यात बायका?"

"एकोणीस."

"चुलीपुढं बसणाऱ्या?"

"खेड्यातल्या बाया दुसरीकडं कुठं बसत्यात, मॅडम?"

प्रणिताने कप खिडकीत ठेवला. "फोटोत टीबीचा डाग दिसतो तसा कॅन्सरचाही दिसतो. बाकी देशात ज्या मानानं तो सापडतो, त्या मानानं आपल्याकडं सापडतच नाही. तो कमी नाही, काका. मला वाटतं तो तुमच्या एकतीसांत आहे."

"कोण कोण?"

"ते आकड्यांवरून नाही कळत. त्यात काही असणार, एवढंच कळतं. दहा असतील, वीस असतील. आता शोधायचं म्हटलं तरी कशात शोधणार?"

परतीच्या एसटीत सुग्रीवने खिडकीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले, पण झोप काही आली नाही. त्याच आठवड्यात त्याने चालू रुग्णांची सगळी कार्डं काढून तपासली. औषध खाऊनही वजन घटतंय असे चौघे निघाले. डॉक्टरांच्या मागे लागून त्याने चौघांनाही अंबाजोगाईला स्कॅनला पाठवलं. एका म्हातारीला तर स्वतः जीपमध्ये उचलून बसवलं. जे जिवंत होते त्यांचं काय करायचं हे त्याला कळत होतं. जे गेले त्यांच्यापैकी एकच नाव त्याचा पिच्छा सोडत नव्हतं.

हिवरवाडीची छबुबाई. दिंद्रुडच्या पलीकडे चार-पाच मैलांवर गाव. बाईने जन्मात बिडी सोडा, मिसरीलाही बोट लावलं नव्हतं. चाळीस वर्षं कापसाच्या पऱ्हाट्या जाळून भाकरी थापल्या, तेवढंच काय ते तिचं व्यसन. खोकला धरला, छातीत डाग निघाला, गोळ्या सुरू झाल्या. वजन दर महिन्याला उतरत गेलं आणि सहाव्या महिन्यात ती गेली.

तिसऱ्या दिवशी सुग्रीव कार्ड बंद करायला गेला, तेव्हा अंगणात पन्नासेक माणसं बसली होती. कुणीतरी म्हणालं, एवढ्या गोळ्या खाऊनबी म्हातारी गेलीच की. गावात आणखी तिघांच्या गोळ्या चालू होत्या. त्यांच्या कानावर हे गेलं तर उद्यापासून ते औषध बंद करतील, हे सुग्रीवला पुरतं ठाऊक होतं. एवढी वर्षं गावोगाव फिरून त्याने एकच गोष्ट सांगितली होती, की एक दिवसही गोळी चुकली तर खैर नाही. तो उभा राहिला आणि सगळ्यांदेखत छबुबाईच्या सुनेला, सायलीला म्हणाला, "गोळ्या पोटात गेल्या असत्या तर ती मेली नसती. तू दिल्याच न्हाईस."

सायली शपथा घेत राहिली. रिकामी पाकिटं आणून दाखवली. कुणी बघितली नाहीत. त्या तिघांनी मात्र पुढे एक गोळी चुकवली नाही आणि तिघेही बरे झाले. खापर फुटलं ते सायलीच्या माथी. त्यानंतर दोन वर्षं सुग्रीवची मोटारसायकल गल्लीत शिरली की ती डोक्यावर पदर ओढून घरात जाई, आणि सुग्रीव मनातल्या मनात म्हणे, चोराच्या मनात चांदणं.

आज ती घरात गेली नाही, कारण तो गाडी गल्लीच्या तोंडाला लावून पायी आला होता. ती अंगणात ज्वारी पाखडत बसली होती. त्याला बघून सूप तसंच हातात धरून उठली.

"ते रानात गेलेत. येतील भाकर खायाला."

"तुलाच भेटायचंय," सुग्रीव म्हणाला. "बस पोरी."

ती बसली नाही. तोच बाजेच्या कडेवर टेकला. रस्ताभर त्याने वाक्यं जुळवली होती, ती सगळी आता कुठे गेली कोण जाणे.

"त्या दिवशी मी चारचौघांत बोललो, ते चुकलं माझं. तुझ्या सासूला टीबी नसंल. छातीतला कॅन्सर असंल. बीडला मीटिंग झाली, तिथं निघालं. आपल्याकडं अशी लई माणसं टीबीच्या नावावर गेलीत. कॅन्सर असंल तर त्याला माझ्या गोळ्यांचा काडीचा उपेग न्हवता. मी तुझ्यावर नसता आळ घेतला."

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. माफी मागणाऱ्याला वाटतं तसं, आपण फार मोठं काही केलं असंही वाटून गेलं. आता ती रडेल, किंवा शिव्या देईल. दोन्हीची त्याने तयारी ठेवली होती.

सायलीने सूप खाली ठेवलं.

"आळ नव्हता त्यो, साहेब."

"म्हंजी?"

"मी गोळ्या टाकल्या व्हत्या. नऊ दिवस." ती त्याच्याकडे न बघता ज्वारीकडे बघत बोलत होती. "चौथ्या महिन्यात. गोळी गिळली की उलट्या व्हायच्या, आतडं बाहेर पडंल अशा. आत्याबाई माझा हात धरायच्या. म्हणायच्या, आजच्या दिवस नको गं माय, पाया पडते. मी म्हणलं, बरं, आज ऱ्हाऊ द्या. दुसऱ्या दिशी बी तसंच. तुमी पाकिटं मोजता म्हणून गोळ्या काढून उकिरड्यात पुरल्या. आन तुमी इचारलं तवा पोरीच्या, संस्कृतीच्या डोक्यावर हात ठिवून सांगितलं, एकबी चुकली न्हाई म्हणून."

दोन वर्षांपूर्वी हेच ऐकलं असतं तर सुग्रीव गावभर सांगत सुटला असता.

"दोन साल झाले," सायली म्हणाली, "रोज मोजते. त्या नऊ दिवसांनी त्यांचा जीव गेला का. कुणाला इचारावं? तुमाला इचारायचं म्हणलं तर तुमी तर आधीच सांगून बसलेले." मग पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे पाहिलं. "आता खरं सांगा साहेब. त्या नऊ दिवसांनी काय फरक पडला नसंल ना?"

एकतीस माणसं. त्यातली दहा, त्यातली वीस. छबुबाई त्यांत होती की बाकीच्यांत, हे आता देवालाच ठाऊक. आणि ती बाकीच्यांत असेल, तर एक दिवसही चुकवू नका असं ज्याने जन्मभर घसा फोडून सांगितलं, त्याने नऊ दिवसांना काय म्हणायचं? सुग्रीवने रुमाल काढून मान पुसली.

"न्हाई," तो म्हणाला. "काय सुदिक फरक न्हाई. त्यांना कॅन्सरच व्हता."

"नक्की?"

"नक्की. आकडे आलेत वरून. देशाचे आन आपले लावून बघितले. कागदावर हाय सगळं."

कागदावर काय होतं ते त्याला चांगलं माहीत होतं. पण कागदाचं नाव ऐकल्यावर तिचे खांदे खाली आले. ती भिंतीला पाठ लावून हळूच बसली आणि बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"यांना सांगताल?" तिने विचारलं. "नऊ दिवसाचं नको. बाकीचं."

तिचा नवरा सुरज आला तो खांद्यावरचं फावडं दाराशी टेकवून सरळ रांजणाकडे गेला. सुग्रीवला बघून त्याने रामराम घातला, पण कशाला आलात असं विचारलं नाही. सुग्रीव उभा राहिला. आता बोलणं सोपं गेलं. एकदा खोटं बोललेलं वाक्य दुसऱ्यांदा तोंडात आपसूक बसतं.

"सुरज, तुझ्या मायला कॅन्सर व्हता. आता कळालंय. हिनं सगळ्या गोळ्या दिल्या व्हत्या, एकबी चुकली न्हाई. चूक माझी झाली. मी लोकात हिचं नाव घेतलं ते खोटं व्हतं."

सुरजने तांब्यातलं पाणी अर्धं पिऊन उरलेलं अंगणात फेकलं.

"मंजी सहा महिने तुमी माझ्या मायला भलत्याच गोळ्या चारल्या."

"हो."

"लई उलट्या करायची."

"हो."

"आन तवाच मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं असतं तर?"

"काय तरी करता आलं असतं. कदाचित." ह्या एका शब्दापुरता तरी सुग्रीव खरं बोलला.

सुरज बायकोकडे बघत होता. तिच्याशी बोलावं असं त्याला वाटत असावं, पण दोन वर्षांत ती सवय मोडली होती. तो पुन्हा सुग्रीवकडे वळला.

"जावा साहेब," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "पुन्हा ह्या घरी येऊ नका."

सुग्रीवने मान डोलावली. वाईट वाटलं, पण हे आपल्याला मिळायलाच हवं होतं असंही वाटलं, आणि त्याने पायात चपला सरकवल्या. तेवढ्यात सुरजने सदऱ्याच्या खिशातून औषधाची छोटी बाटली काढली. तापाचं, लहान पोरांचं. मातीच्या हाताने तिचं झाकण पुसून त्याने ती सायलीपुढे धरली. ही बाटली तो रानात घेऊन गेला होता आणि दुपारी घेऊन परत आला होता, हे सुग्रीवच्या तेव्हा ध्यानात आलं. घरात पोरीची आई असताना.

"संस्कृती अंगणवाडीतून आली की एक झाकण पाज," सुरज म्हणाला. "इथून म्होरं तूच देत जा."

सायलीने हात पुढे केला नाही. ती दोन्ही हात पदराखाली घेऊन तशीच बसून राहिली.

"तुमीच द्या," ती म्हणाली.

सुरज बाटली धरून उभा होता. त्याचा आवाज खाली आला. "चुकलं माझं. आता तरी राग सोड."

राग नव्हता तो, ते नऊ दिवस होते. त्या अंगणात हे दोघांनाच कळत होतं, आणि त्यातल्या एकाला आताच जायला सांगितलं होतं.