चाखायची खोली

मथुराला त्या खोलीची किळस यायला लागली ती खोली पुरी व्हायच्या आधीच. नाहीतर खोलीची हौस सगळ्यांत जास्त तिलाच होती. रत्नागिरीजवळच्या पावस गावी, तिच्या सासरच्या बागेत हापूसची वाइन व्हायची, आणि ती करायची मथुरा. पेटीत न जाणारा डागी आंबा पूर्वी गुरांपुढे पडे. तिने दापोलीच्या कृषी विद्यापीठात जाऊन त्याची वाइन करायचं शिकून घेतलं, सुरुवातीची बिघडलेली पिंपंच्या पिंपं माडांच्या बुडाशी ओतली, आणि आता कुठे अशी उतरली होती की झाकण काढताच पिकल्या आंब्याची अढी उघडल्यासारखं वाटावं.

दीर शुभंकर पुण्याहून आला तो डोक्यात टेस्टिंग रूम घेऊनच. द्राक्षांच्या मळ्यांवर म्हणे अशा खोल्या असतात. लोक येतात, चाखतात, बाटल्या घेऊन जातात. मथुराने त्याला एवढंच सांगितलं, की चिऱ्याची साधी खोली बांधा, समोरासमोर खिडक्या ठेवा म्हणजे वारा खेळेल, आणि पांढरं टेबल ठेवा म्हणजे पेल्यातला रंग दिसेल. शुभंकरने मान डोलावली आणि सगळं उलट केलं. खिडक्यांऐवजी न उघडणारी अख्खी काच बसवली, वर एसी लावला. टेबलाच्या जागी लांबलचक काउंटर, आणि तो कशाचा? मोडीत निघालेल्या मासेमारीच्या होडीच्या फळ्यांचा!

फळ्या टेंपोतून उतरल्या तेव्हाच मथुराने नाकाला पदर लावला. तिचं माहेर केळशीचं. तिथे दरवर्षी होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आणि लाकूड कुजू नये म्हणून त्यांना माशाचं तेल फासायचं, हे ती लहानपणापासून बघत आलेली. या फळ्यांत तर ते वर्षानुवर्षं मुरलेलं.

"भावोजी, हा वास जायचा नाय," ती म्हणाली. "रंधा मारा, पॉलिश मारा, काय वाट्टेल ते करा. बंद खोलीत तर डोकं उठवील."

"वहिनी, यालाच कॅरॅक्टर म्हणतात. मुंबईची माणसं येणार ती यासाठीच."

मथुराने नवऱ्याकडे बघितलं. हरिश्चंद्र चपलेने माती उकरत होता. "शिकलेला हाय गो तो," तो म्हणाला. "करू दे त्याला."

शिकलेला! नाक काय कॉलेजात जमा करून आला होता की काय, कोण जाणे.

पॉलिश चढलं, थोडे दिवस बरं वाटलं. मग उन्हं तापली. काचेतून ऊन थेट काउंटरवर पडायला लागलं आणि पॉलिशखालून तेल पाझरायला लागलं. हात टेकला की बोटं चिकट. दार उघडलं की खवट, सडक्या तेलाचा भपकारा. मथुराने सोड्याने घासलं, लिंबाने घासलं, काही उपयोग झाला नाही. शुभंकरने त्यावर चंदनाच्या उदबत्त्या लावल्या. मग देवघरात कुणी बांगडे सुकत घातल्यासारखं झालं. मथुरा बाहेर जाऊन ओकून आली.

आणि नेमक्या त्याच खोलीत ज्ञानेश्वरीबाई येणार होत्या. मुंबईच्या हॉटेलांसाठी वाइन पारखणारी ही बाई. जाणत्या माणसाने आपली वाइन तोंडात घ्यावी आणि त्यातला आंबा ओळखावा, एवढंच मथुराला हवं होतं. त्यासाठी तिने इतकी वर्षं घातली होती.

"बाहेर घरापुढच्या खळ्यात बसवूया त्यांना," ती विनवून म्हणाली.

"मग खोली बांधली कशाला?" शुभंकर म्हणाला.

बाई काउंटरवर कोपरं टेकून बसल्या. पेला फिरवला, नाकाशी नेला, घोट घेतला आणि डोळे मिटले. मथुराचा जीव टांगणीला लागला.

"अप्रतिम!" बाई म्हणाल्या. "आंब्याच्या मागे समुद्र आहे. खारट, किंचित तेलकट. असं मी कुठेच चाखलं नाही."

"आमची खासियत आहे ती," शुभंकर बेधडक म्हणाला. हरिश्चंद्रही मान डोलवायला लागला. बाईंच्या कोपरावर तेलाचा पिवळट डाग उमटला होता.

मथुराने तीच बाटली उचलली. "बाईंनू, जरा बाहेर चला." खळ्यात, वाऱ्यावर, तिने त्यांना चूळ भरायला पाणी दिलं आणि नव्या पेल्यात वाइन ओतली. बाईंनी घोट घेतला. त्यांचा चेहरा पडला.

"चांगली आहे. आंबा आहे. पण मघाचं ते नाही. दुसरी बाटली का?"

"तीच."

"मला आतली हवी. हॉटेलला तीच लागेल."

"मिळेल की!" शुभंकर धावत पुढे आला. "आता पिंपातच एकेक फळी टाकतो. परदेशात लाकडातच तर मुरवतात."

"टाकू की," हरिश्चंद्र म्हणाला.

मथुरा उठली. पिंपांच्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि परत आली. बाईंच्या हातातला पेला अलगद काढून घेतला.

"तुम्हाला आवडली ती चव माझी नव्हं, त्या फळीची," ती म्हणाली. "आत जा नि फळी चाटा."