न प्यायलेली कॉफी

मादबा शहराहून दक्षिणेला निघालेल्या त्या जुन्या पांढऱ्या गाडीत माणसं तीन होती, पण ड्रायव्हरशेजारची मानाची जागा रिकामीच होती. ती नाएलच्या काकांसाठी राखलेली. काका सकाळी दारात आले ते झोपेच्या कपड्यांत. गुडघा धरलाय म्हणाले आणि दार लावून घेतलं. त्या गुडघ्याचं दुखणं मुळात कुठलं, हे नाएलला ठाऊक होतं. काकांना तो जावई म्हणून आपल्याच मुलीसाठी हवा होता. नाएलचे वडील त्याच्या लहानपणीच देवाघरी गेलेले. मुलगी मागायला जायचं ते घरचा वडीलधारा पुढे करून, आणि इथे तर पुढची जागाच मोकळी.

गाडी चालवणारा तैसीर कुरकुरत होता. दोघेही मागे बसल्यामुळे रस्त्यावरचे लोक आपल्याला भाड्याचा ड्रायव्हर समजणार, असं त्याचं दुःख. पण त्या जागेवर जाऊन बसायला ना नाएल धजावला, ना जिर्यिस.

जिर्यिस हा तिघांतला बोलका. औषधांचं दुकान चालवायचा आणि सणासुदीला चर्चमध्ये स्तोत्रं म्हणायचा. काकांच्या जागी बोलायचं काम आता त्याच्यावर आलं होतं. वय छत्तिसाचं, तेव्हा चार माणसांत वजन दिसावं म्हणून त्याने सासऱ्यांचा लोकरीचा काळा झगा अंगावर चढवला होता. ऊन असं की रस्त्याचं डांबर चमकत होतं, आणि हा आत उकडून निघत होता.

"तुझा घाम बघूनच मुलगी देतील रे," तैसीर आरशात बघून म्हणाला. "म्हणतील, बिचारा इथेच आडवा व्हायच्या आत हो म्हणून टाका."

नाएलला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. मादब्यात तो रंगीत खडे जोडून फरशीवरची चित्रं बनवायचा. तफीलेपलीकडच्या एका गावातली रिहाब, चित्रकलेची शिक्षिका, वर्षापूर्वी शाळेतल्या मुलींना घेऊन त्याचं काम बघायला आली होती. त्याने मोठ्या कष्टाने जोडलेला सिंह तिने बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, ह्याला कुणी रागावलंय का. त्या दिवसापासून नाएलचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिचे वडील अबू झैदान ह्यांनी आज, शुक्रवारी तिसऱ्या प्रहरी यायला सांगितलं होतं. पुढल्या शुक्रवारी तिच्या आतेभावाकडची माणसं यायची होती, आणि त्यांच्याकडे वडीलधाऱ्यांचा तोटा नव्हता. आज जमलं तर जमलं.

मुजिबच्या दरीत रस्ता नागमोडी उतरत गेला. डोंगर असे उभे चिरलेले, की देवाने सुरी घेऊन थरांची मिठाई कापावी. तळाशी धरणाचं हिरवं पाणी. प्रत्येक वळणावर जिर्यिस आपलं भाषण घोळवत होता आणि प्रत्येक वळणावर ते लांबत होतं. त्याला भाषण स्तोत्राच्या चालीवरच सुचायचं, त्यामुळे "आपल्या थोर घराण्याशी" इथे आवाज आपोआप वर चढायचा. तैसीरने विचारलं की शेवटी आम्ही आमेन म्हणायचं का.

मग कॉफीची तालीम झाली. यजमान कॉफी देतो. मागणं घेऊन आलेला माणूस पेला ओठाला न लावता समोर खाली ठेवतो. बरोबरचेही ठेवतात. यजमान म्हणतो, कॉफी घ्या, तुमचं मागणं पुरं झालं. मगच प्यायची. तैसीरच्या थर्मासचं झाकण पेला म्हणून घेऊन हे इतक्यांदा झालं की करक गावाच्या अलीकडे जिर्यिसने नुसता हात खाली नेला तरी नाएलचा हात पाठोपाठ गुडघ्याखाली जायचा. तुमचं पाठ झालं, असं जिर्यिस समाधानाने म्हणाला.

करकला नाएल आणि तैसीरची नमाज झाली. तोवर जिर्यिसने तिळाचे पाव घेऊन ठेवले. पुढे हसा नावाची दरी. उतरताना गाडी शहाण्यासारखी उतरली, पण पलीकडचा चढ निम्मा झाला आणि तिच्या नाकातून वाफ निघाली. तैसीरने टोपण उघडून बघितलं. पाण्याचा थेंब नव्हता. रेडिएटर बघून घे असं नाएलने दोनदा सांगितलं होतं. तैसीरने दोन्ही वेळा, तू फक्त नवरदेवासारखा दिस, बाकी माझ्यावर सोड, असं उत्तर दिलं होतं.

रस्त्याच्या वर, कपारीच्या सावलीत शेळीच्या केसांचा काळा तंबू होता. दाराशी एक म्हातारा उभा. तिघे वर पोचायच्या आत त्याने गाद्या टाकल्या होत्या. नाव अबू मुफ्लिह. तुम्ही कोण, कुठले, असं त्याने विचारलं नाही. आलेल्या पाहुण्याला ते विचारायचं नसतं. शेजारपाजारच्या तंबूंतले चार म्हातारेही येऊन बसले. निखाऱ्यावरची किटली उचलून अबू मुफ्लिहने वेलदोड्याची कॉफी ओतली आणि एकेकाच्या हातात इवलासा पेला दिला.

नेमका तेव्हाच जिर्यिसचा फोन वाजला. फोन आतल्या खिशात, वर सासऱ्यांचा झगा. एका हाताने काही जमेना, म्हणून त्याने पेला खाली ठेवला.

तैसीरने ठेवला. नाएलने ठेवला.

फोन जिर्यिसच्या बायकोचा होता. तो हळू आवाजात, किल्ली कुंडीखाली आहे, असं सांगत होता आणि तंबूतली सगळी बोलणी थांबली होती. चारही म्हातारे त्या तीन भरल्या पेल्यांकडे बघत होते. जिर्यिसनेही खाली पाहिलं. त्याच्या लक्षात आलं, आणि झगा घालूनही त्याला थंडी वाजली.

अबू मुफ्लिहने किटली बाजूला ठेवली, पाठ सरळ केली.

"कॉफी घ्या पोरांनो," तो म्हणाला. "जे मागायला आलात ते तुम्हाला दिलं."

आता आली का पंचाईत. शब्द देऊन झाला होता, चार साक्षीदारांसमोर, काय मागायचंय ते ऐकायच्या आधी. काहीच नको म्हणावं तर म्हाताऱ्याच्या दाराची थट्टा होते. गाडीला पाणी मागावं, तर पाणी तो शत्रूलाही न मागता देईल. त्यासाठी कुणी पेला खाली ठेवत नाही. तैसीर नाएलच्या कानाशी लागला, एक शेळी माग, पुढचं पुढे बघू. जिर्यिसने तर "आपल्या थोर घराण्याशी" म्हणत सूर लावलाही. आत पडद्यापलीकडे बायकांची कुजबुज झाली. तिथे लग्नाच्या मुली असणार हे नाएलच्या ध्यानात आलं, आणि त्याने जिर्यिसचा झगा ओढून त्याला गप्प केलं.

"काका," तो म्हणाला, "ही चूक झाली. आम्ही दुसऱ्याच घरी मागणं घालायला निघालोय. वाटेत तालीम केली, ती हाताला लागली. तुमची थट्टा करावी असं आमच्या मनातही नव्हतं. मला माफ करा."

बोलता बोलता कान असे लाल झाले की त्यावर कॉफी उकळावी. मग त्याने सगळंच सांगून टाकलं. रिहाब, तिचे वडील, पुढल्या शुक्रवारचा आतेभाऊ, काकांचा गुडघा.

एक म्हातारा उपरणं तोंडावर धरून हलायला लागला. दुसऱ्याने त्याला कोपर मारलं आणि स्वतःच फुटला. अबू मुफ्लिह मात्र हसला नाही.

"चूक तुझी," तो म्हणाला, "पण शब्द माझा. तो काही तोंडात परत जात नाही. माग."

नाएलने त्याच्याकडे पाहिलं. पांढरी दाढी, उन्हाने रापलेला चेहरा, शांत डोळे. आपल्या वडिलांचा चेहरा त्याला धड आठवतही नव्हता.

"मग तुम्हीच चला," तो म्हणाला. "माझ्या बाजूने कुणी मोठं माणूस नाही."

अबू मुफ्लिहने बोटाने पेले दाखवले. तिघांनी थंड कॉफी एका घोटात संपवली. तोवर तो चांगली पगडी आणायला आत गेलाही होता.

गाडीला पाणी मिळालं आणि पुढच्या जागेला माणूस. तैसीरला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं पहिल्या वळणापर्यंत टिकलं, कारण अबू मुफ्लिहचं मत पडलं की आपली गाढवीणही चढावर ह्याहून विचाराने गियर बदलते. मग म्हातारा गायला लागला. इब्राहिमाच्या दारी तीन अनोळखी पाहुणे आले, त्याने नाव विचारलं नाही, भाजलेलं वासरू पुढे ठेवलं, आणि ते तर देवाचे दूत निघाले, ही कथा. गाता गाता तो थांबायचा, अर्थ सांगायचा आणि पुन्हा गायचा. कथा जिर्यिसच्याही ग्रंथातली. त्याला राहवेना, त्याने मागून सूर धरला. खोल दरी डावीकडे, उन्हं कलती, आणि दोन धर्मांचे दोन गळे एका चालीवर. नाएलचा जीव तेवढ्यापुरता निवला. मध्येच अबू मुफ्लिहने मागे वळून बघितलं, गायचं थांबवलं आणि म्हणाला, "ते दूत होते बाबांनो. तुम्ही आपलं तसं काही समजू नका."

अबू झैदानच्या घरी बैठक भरलेली होती. कॉफी आली. अबू मुफ्लिहने पेला समोर ठेवला. तिघांनी ह्या वेळी एकमेकांकडे नीट बघून ठेवले. म्हाताऱ्याने चार वाक्यांत मागणी घातली. जिर्यिसचं भाषण झग्यातच राहिलं.

अबू झैदानने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपण ह्या मुलाचे कोण? किती दिवसांची ओळख?"

नाएलने अबू मुफ्लिहकडे पाहिलं. आतेभावाकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्यांची नाती सांगणार होती.

"आज दुपारची," अबू मुफ्लिह म्हणाला. "ह्यांच्या गाडीचं पाणी माझ्या दाराशी संपलं."

आणि त्याने काही न लपवता सगळी हकिकत सांगितली, फोनवरच्या कुंडीसकट. बैठकीत हशा उठला. नाएलला जमीन दुभंगावी असं वाटत होतं. हशा ओसरल्यावर म्हातारा पुढे म्हणाला, "त्याला खोटं बोलून सहज सुटता आलं असतं. शेळी मागून गेला असता तर मी दिली असती आणि विसरलो असतो. हा खरं बोलला, चार जण हसणार हे दिसत असताना. मला दोन मुली आहेत, अबू झैदान. माझ्या दारी आला असता तर मी दिली असती. एवढीच माझी ओळख."

अबू झैदानने दाढीवरून हात फिरवला.

"कॉफी घ्या," तो म्हणाला. "माझ्याकडून होकार आहे. आता मुलीला विचारतो."

तो आत गेला. दार अर्धवट लोटलेलं. आत कुणी काय म्हणतंय ते ऐकू येईना. तैसीर छताकडे बघत होता, जिर्यिसचे ओठ हलत होते. कुठलं तरी स्तोत्र असावं. अबू मुफ्लिह तेवढा निवांत कॉफी पीत होता.

अबू झैदान दारात आला. चेहऱ्यावर हसू लपत नव्हतं.

"रिहाब हो म्हणते," तो म्हणाला. "आणि विचारते, त्या मुलाला कुणी बसायला का सांगत नाही?"

नाएलने खाली पाहिलं. तो बैठकीच्या मधोमध उभा होता. कधी उठला होता, देव जाणे. अबू मुफ्लिहने आपल्या शेजारची उशी सरकवली आणि त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.