डेलियासाठी भरलेली किटली

डेलिया गेल्याचे बॅलीकेरिगन गावाला कळले, तेव्हा तिची शवपेटी घरातून निघालीसुद्धा होती. सकाळच्या बातम्यांनंतर रेडिओवर निधनाच्या सूचना पुन्हा वाचल्या गेल्या. या वेळी तिच्या नावाबरोबर तिचे माहेरचे नावही वाचले. ते ऐकले आणि गावातली माणसे ताटावरून उठून, कोट अंगात घालत चर्चकडे धावली. पण आदल्या दिवशी दुपारपासून आमच्या घराचे दार सताड उघडे होते आणि त्या दारातून गावातला एकही माणूस आत आला नव्हता. मला हे माहीत आहे, कारण मी तेव्हा शेगडीवर होते, काठोकाठ भरलेली.

मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. निळ्या एनॅमलची, तोटीला टवका उडालेली. मी एवढी मोठी आहे की मला उचलायला दोन्ही हात लागतात. घरच्या चहासाठी मी कधीच नव्हते. केरिगन आडनावाचा एक मुलगा बिशप होऊन पहिल्यांदा गावी आला, तेव्हा त्याच्या स्वागतासाठी गावाने वर्गणी काढून मला स्लायगो शहरातून आणले. बिशप एक कप चहा पिऊन निघून गेले. मग माझे काय करायचे, असा प्रश्न पडला. त्याच आठवड्यात तळ्यावरचा एक म्हातारा वारला आणि मला माझे खरे काम मिळाले. ज्या घरी मयत होते, त्या घरी मी जाते. लोक मृताजवळ बसायला येतात. आधी हात जोडून प्रार्थना म्हणतात, मग स्वयंपाकघरात येऊन चहा घेतात आणि गेलेल्या माणसाच्या गोष्टी सांगतात. खोडीच्या, भांडणाच्या, मायेच्या, सगळ्या. गोष्टी संपल्या की घरच्यांना थोडे रडता येते, थोडे हसताही येते. गोष्टी न सांगता आमच्याकडे कोणाला पुरत नाहीत.

आमच्या भागात जवळपास सगळेच केरिगन. पूल केरिगनचा, विहीर केरिगनची, तळे केरिगनचे आणि गावाचे नावही तेच. त्यामुळे आडनावाने इथे कोणी कोणाला ओळखत नाही. पुलाजवळचा पॅकी, टेकडीवरची ब्रिजिट, लाल ऊना, अशी नावे. लग्न होऊन आलेल्या बाईला तर मरेपर्यंत माहेरच्याच नावाने हाक मारतात. डेलिया गॉर्मली मॅलकी केरिगनची बायको झाली, तिचे केस पांढरे झाले, तरी ती डेलिया गॉर्मलीच राहिली. चर्चच्या वहीत तिचे नाव ब्रिजिट होते. पण पाळण्यात होती तेव्हापासून तिला त्या नावाने कोणी हाक मारली नव्हती.

मला सांभाळण्याचे काम गावातल्या बायकांकडे असते. आधीची बाई थकली तेव्हा ते डेलियाकडे आले आणि तिच्याकडेच राहिले. रेडिओवर कोणाचे नाव ऐकले की ती मला फडक्यात गुंडाळून निघायची. पाऊस असो, चिखल असो. तिला कोणाच्या घरात किती कप आहेत हे पाठ होते. ऊनाबरोबर ती हॅमची सँडविचे कापायची, बेदाण्याच्या पावाचे काप करायची आणि मला घेऊन एका माणसाकडून दुसऱ्याकडे फिरायची. लोक म्हणायचे, गॉर्मलीचा चहा प्यायला मिळणार असेल तर मरायलाही हरकत नाही.

पुलाजवळचा पॅकी प्रत्येक घरी हजर. दुसरा कप संपला की तो केरिगनांची थोरवी गायला लागायचा.

"बिशप कोण? केरिगन! बॉस्टनचा बॉक्सर कोण? केरिगन! गड्याने एकदासुद्धा पाठ टेकली नाही."

"टेकली की," डेलिया म्हणायची. "शेवटच्या झुंजीत टेकली, ती परत उचललीच नाही."

"ऑस्ट्रेलियात केरिगन नावाचं स्टेशन आहे, ठाऊक आहे का? आगगाडी थांबते तिथं!"

"थांबते रे. पण उतरतं कोण?"

सगळे स्वयंपाकघर हसायचे. पॅकी लाल व्हायचा. "बरं, गॉर्मलीबाई, तुमच्या नावाचं काय आहे जगात? एखादा ओढा तरी?"

"काही नाही बाबा. तुम्हा मोठ्या लोकांना चहा पाजता पाजता आमचं नाव गाजवायचं राहून गेलं. कप पुढे कर."

मॅलकी कोपऱ्यात बसून हे ऐकायचा. तो कमी बोलणारा माणूस. एकदा घरी आल्यावर त्याने तिला विचारले, "तुला वाईट नाही वाटत? इतकी वर्षं इथं काढलीस, अजून तुला आपल्यात धरत नाहीत."

डेलिया मला विसळत होती. ती हसली. "मेले की तेवढं केरिगन म्हणून सांग सगळ्यांना. नाहीतर पॅकी मला इथल्या मातीत शिरू द्यायचा नाही."

ती थट्टा करत होती. मॅलकी हसला नाही. त्याने ते मनात ठेवले.

गेल्या हिवाळ्यात डेलियाच्या पायावर छोटी शस्त्रक्रिया करायची ठरली. निघताना तिने मला फळीवर पालथे ठेवले आणि ऊनाला सांगितले, "मी येईपर्यंत कोणाला मरू देऊ नकोस गं." शस्त्रक्रिया नीट झाली. मग वादळ आले. वीज गेली, फोन बंद पडले, झाडे पडून वाटा अडल्या. त्याच वादळात, दवाखान्यात, डेलियाच्या छातीत रक्ताची गुठळी अडकली आणि ती गेली. मॅलकी तिच्याजवळ होता. त्या दोघांना मूलबाळ नव्हते. दुसरे कोणी नव्हते.

अंत्यसंस्कार करणाऱ्या दुकानातल्या तरुण मुलाने तळ्याकडच्या वाटेने, गावात न शिरता, तिला घरी आणले. पेटी बाहेरच्या खोलीत ठेवून तो लगेच गेला, कारण वादळाने त्याचे कामही वाढवले होते. मॅलकी पेटीजवळ बसला. मधले दार उघडे होते. मला सगळे ऐकू येत होते.

"रेडिओवर सांगायला लावलंय," तो तिला म्हणाला. "पोरगा विचारत होता, डेलिया हे रोजचं नाव सांगू का, माहेरचं सांगू का. मी म्हटलं, नको. ब्रिजिट केरिगन, बॅलीकेरिगन. एवढंच. पॅकीला ऐकू दे आता."

मग त्याने सेलवर चालणारा छोटा रेडिओ लावला. ब्रिजिट केरिगन, बॅलीकेरिगन, दुपारी तीनपासून राहत्या घरी. मॅलकीची मान ताठ झाली. इतक्या वर्षांत मी त्याला एवढा अभिमानी कधी पाहिले नव्हते.

त्याने मला फळीवरून काढले. मला भरण्याची त्याची ही पहिलीच वेळ. पत्ती किती घालायची, ते त्याला माहीत नव्हते. त्याने पेटीकडे पाहून विचारले, "अजून एक मूठ?" आणि स्वतःच घातली. सगळे कप मांडले. ओबडधोबड सँडविचे कापली. दार उघडून ते वाऱ्याने मिटू नये म्हणून त्याला दगड लावला.

तीन वाजून गेले. चार वाजले. "वाटेवर झाडं आहेत," तो म्हणाला. "चालत यायला वेळ लागतो."

अंधार पडला. खिडकीतून समोरची टेकडी दिसते. तिथे एक कंदील चढताना दिसला, मग आणखी एक, मग पुष्कळ. मॅलकी बराच वेळ बघत राहिला. "विजेच्या तारा जोडायला गेले असतील," तो म्हणाला. "ते झालं की इकडे येतील." वारा पडला होता. टेकडीवरून गाण्याचा आवाज आला. त्याने दार लोटले नाही, फक्त खिडकीचा पडदा ओढला.

मी उकळून उकळून काळी झाले. त्याने एक कप ओतला आणि पेटीजवळ जाऊन बसला. "ते तुझ्यासाठी आले नाहीत, डेलिया," तो म्हणाला. "सगळ्यांकडे तू गेलीस." थोड्या वेळाने म्हणाला, "मला तुझी एखादी गोष्ट सांगता यायला हवी. पण सांगू कोणाला? तुला तर त्या सगळ्या माहीत आहेत."

सकाळी पेटी आणणाऱ्या त्या मुलाचा म्हातारा बाप गाडी घेऊन आला. त्याने मांडलेले कप पाहिले, सुकलेली सँडविचे पाहिली. "मॅलकी, लोक कुठं आहेत?" मॅलकीने त्याला रेडिओवर काय सांगितले ते सांगितले. म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला. "अरे देवा! ब्रिजिट केरिगन म्हटलं की लोक टेकडीवरच्या ब्रिजिटकडे जाणार! डेलिया म्हणायला हवं होतं रे!" तो धावत गाडीकडे गेला आणि जिथे फोन लागत होता तिथून त्याने रेडिओला कळवले. परत येऊन म्हणाला, "आजचा दिवस थांबू. उद्या नेऊ. आज सगळे येतील."

"नाही," मॅलकी म्हणाला. "तिला आणखी एक दिवस ताटकळत ठेवणार नाही."

आणि पेटी निघाली. चर्च खचाखच भरले होते, असे म्हणतात. सगळ्यांनी त्याचा हात हातात घेतला. पण चर्चमध्ये गोष्टी सांगत नाहीत.

दोन दिवसांनी पॅकी आणि ऊना आमच्याकडे आले. पॅकीने टोपी काढून हातात धरली होती. बसायला सांगितले तरी तो बसला नाही.

"मॅलकी, शिव्या घाल. हवं तर मार. आम्ही सगळे टेकडीवर गेलो. ती म्हातारी वर्षभर अंथरुणात आहे, आम्हाला वाटलं, सुटली बिचारी. आत जाऊन बघतो तर बाई उशीला टेकून जेली खातेय! मला म्हणते, पॅकी, एवढं तोंड पाडून कोणाला पुरायला आलास?"

मॅलकीच्या तोंडातून हसू फुटले. खरे, मोठे हसू. ते त्यालाही नको होते. मग ते एकदम थांबले. मला कळले, त्याने मान वळवून कोणाकडे पाहिले ते. ही गोष्ट डेलियाने ऐकायला हवी होती. तिने ती पुढची वीस वर्षे घरोघरी सांगितली असती.

"मग आम्ही तिथंच बसलो," पॅकी हळू आवाजात म्हणाला. "रेडिओवाल्यांनी चुकून आधी कधी गेलेल्या एखाद्या ब्रिजिटचा जुनाच कागद वाचला असेल, असं म्हटलं. म्हातारी जिवंत आहे म्हणून गाणी म्हटली."

ऊना रडत होती. "आणि मी म्हणत होते, डेलिया दवाखान्यात आहे, किटली तुझ्या घरात कुलपात. तिला कळलं तर टाके घातलेल्या पायानं धावत येईल."

मॅलकीने तिच्यापुढे खुर्ची सरकवली.

"महिना झाला की चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना, असेल, त्या दिवशी आम्ही येतो," ऊना म्हणाली. "सगळे येतो. दुपारपासून बसतो. जसं बसायला हवं होतं तसं."

"ऊना," मॅलकी म्हणाला, "त्या दिवशी ती घरात नसेल."

ऊनाने मला घासले. तळाशी जळलेली पत्ती निघता निघेना. तिने मला पुसून फळीवर ठेवले आणि ते दोघे गेले.

त्यानंतर गावात दोन मयती झाल्या. दुसरी टेकडीवरची ब्रिजिटच होती. मला न्यायला माणूस आला, मॅलकीने दार उघडले नाही. लोकांनी थर्मासवर भागवले. माझ्या पोटात आता गंजाचे ठिपके दिसू लागले आहेत. मी त्याबद्दल तक्रार करत नाही. भांडे वापरले नाही की गंजते.

मित्रांनो, तुमच्या गावातही कोणीतरी असेल, जी सगळ्यांच्या घरी जाते आणि जिच्या घरी जायचे कोणाच्या लक्षात येत नाही. तिला नुसती हाक मारून थांबू नका. तिचे पूर्ण नाव काय, ती कुठली, दवाखान्यात असेल तर कशी आहे, हे विचारा. वाटेवर झाड पडले असेल तर ओलांडून जा. ती जिवंत असताना जा.

महिन्याची मिस्सा झाली. त्या दिवशी लोक फाटकापर्यंत आले होते, पण मॅलकीने त्यांना आत बोलावले नाही. पॅकीजवळ डेलियाच्या पुष्कळ गोष्टी आहेत, ऊनाजवळ त्याहून जास्त. या घरात त्यातली एकही अजून सांगून झालेली नाही.