आत्याचे आठ सांगाडे

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, ही म्हण ज्याने काढली त्याची भिंगरीच्या आत्याशी गाठ पडली नव्हती. संगणकावरच्या त्या खेळात शिरण्याआधी आपल्या माणसाचा चेहरा निवडावा लागतो. आत्याने चष्मा नाकावर घट्ट बसवला, बाईचा चेहरा घेतला, केस पांढरे केले, आणि खालच्या रांगेतून सगळ्यात झुपकेदार मिशी उचलून त्या चेहऱ्यावर चिकटवून दिली.

"आत्या, हे काय?"

"फुकट आहे ना? मग असू दे. जन्मभर ऐकत आलेय, एकदा लावून तरी बघते."

भिंगरीने कपाळाला हात लावला, पण हसू काही आवरलं नाही. भिंगरी ही तिच्या भावाची मुलगी, आईवडिलांच्या मागे आत्यानेच वाढवलेली. लहानपणी एका जागी पाच मिनिटं बसायची नाही म्हणून हे नाव पडलं. आता ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, दिवसभर एका स्टुलावर बसते, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

दोघी बसल्या होत्या ती पुढची खोली म्हणजे एके काळचं पाळणाघर. आत्याने कित्येक वर्षं तिथे दुसऱ्यांची पोरं सांभाळली. अजूनही टेबलं गुडघ्याएवढी, खुर्च्या वीतभर, आणि भिंतीवर कमरेखाली खुंट्यांची रांग. प्रत्येक खुंटीवर एक चित्र, बदक, मोटार, छत्री, म्हणजे आपली पिशवी कुठली ते वाचता न येणाऱ्यालाही कळावं. यंदा आत्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला. वाकलं की उठता येईना. पाळणाघर बंद झालं, आणि घर इतकं गप्प झालं की फ्रिज सुरू झाला तरी दचकायला व्हायचं.

नेमकं त्याच सुमारास भिंगरीला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या नेत्रालयातून नोकरीचं बोलावणं आलं. महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. आत्या "जा" म्हणाली, पण इतक्या चटकन म्हणाली की भिंगरीला ते खरं वाटेना. जिला खरंच बरं वाटतं ती आधी चार प्रश्न विचारते, पगार किती, राहणार कुठे, जेवणाचं काय. आत्याने एकही विचारला नाही.

म्हणून हा खेळाचा घाट. भिंगरी संध्याकाळी मित्रमंडळींबरोबर हा खेळ खेळायची, आणि त्यातली अर्धी मंडळी दुसऱ्याच गावांत होती. कानाला हेडफोन लावायचे, गप्पा मारायच्या आणि गुहेतल्या राक्षसांना बडवायचं. आत्या यात आली तर रोज संध्याकाळी भेट ठरलेली. नाही रमली तर नोकरीला नकार कळवायचा, हे भिंगरीने मनाशी पक्कं केलं होतं. आत्याला ते सांगायची सोय नव्हती. तिने भिंगरीची बॅग भरून तिला दारात उभं केलं असतं.

पण खेळ सोपा असेल तर शपथ. त्यात माणसाला शेकडो कला शिकता येतात, आणि लढाईत मिळवलेला एकेक पॉइंट कुठल्या कलेवर खर्च करायचा ते आपणच ठरवायचं. काय वाढवायचं नि काय सोडायचं याचा जो बेत, त्याला खेळणारे बिल्ड म्हणतात. दिलेला पॉइंट परत मिळत नाही. बिल्ड चुकलं की महिनाभराची मेहनत पाण्यात जाते. भिंगरीची स्वतःची कुऱ्हाडवाली बाई त्या मंडळींत नावाजलेली होती. तिच्या बिल्डमध्ये एक पॉइंट वाया गेलेला नव्हता, आणि याचा भिंगरीला थोडा गर्वही होता. थोडा म्हणजे बराच.

तिने नवख्यांना झेपतील असे तीन बेत आत्यापुढे मांडले. पहिली धनुष्यवाली.

"लांब उभं राहून बाण मारायचे, कुणी जवळ यायच्या आत पळायचं."

"माझ्या गुडघ्यांना विचारलंस का?"

"आत्या, पळणार ती."

"तरी नको. पळताना बघूनच दुखतात."

दुसरा काटेरी चिलखतवाला. नुसतं उभं राहायचं, मारणाऱ्यालाच काटे टोचून तो मरतो. यावर आत्या म्हणाली, असला एक माणूस तिच्या ओळखीत आहे आणि त्याच्याकडे सणासुदीलाही कुणी जात नाही. राहिली तिसरी, सांगाडे उठवणारी. ही बया मागे उभी राहते आणि मातीतून सांगाडे बोलावते. लढायचं काम त्यांचं.

"म्हणजे पोरांना पुढे ढकलून मी मागे? आणि ती मेली म्हणजे?"

"ती आधीच मेलेली आहेत, आत्या. सांगाडे आहेत ते."

पडद्यावर माती फुटली आणि पहिला सांगाडा खडखडत उभा राहिला. आत्या पुढे वाकून त्याच्याकडे बघत राहिली.

"काय हाडं निघालीत गं बिचाऱ्याची," ती म्हणाली. "याला कुणी खायला घालतं की नाही?"

झालं. बेत ठरला.

पहिले काही दिवस मोठ्या मजेत गेले. भिंगरी दुकानात असताना आत्या एकटीच खेळू लागली. सांगाडे आठ जातींचे होते, तलवारवाला, ढालवाली, आग फेकणारा वगैरे. आत्याने आठही उठवले आणि त्यांची बारशी केली. उंच तो लंबू. ढाल घेऊन कोपऱ्यात उभी राहते ती रुसूबाई. सारखा दुसऱ्याच्या पायात येतो तो धांदरट. लढाई संपली की पुढे जाण्याआधी ती सगळ्यांना मोजायची. हेही जुनंच. पाळणाघरातली पोरं बागेत नेताना दोराला धरून चालायची, आणि रस्ता ओलांडण्याआधी आत्या प्रत्येकाच्या डोक्यावर बोट ठेवत नाव घेऊन मोजायची. सगळ्यात शेवटी भिंगरी. तिचं नाव ती घेत नसे, नुसतं "आणि तू" म्हणायची. लहानपणी भिंगरीला याचा फार राग यायचा. बाकीच्यांना नावं, आणि घरच्या पोरीला नुसतं "तू".

मग एका संध्याकाळी भिंगरी कामावरून आली, बूट काढता काढता पडद्यावर नजर टाकली, आणि तिथेच थबकली.

"आत्या, पॉइंट कुठे घातलेस?"

"घातले की. सगळ्यांना सारखे."

"सारखे म्हणजे?"

"आठ जण, प्रत्येकाला एकेक. मग परत मिळाले, परत एकेक."

"मी सांगितलं होतं ना, सगळे तलवारवाल्याला द्यायचे म्हणून? बाकीच्यांना काही द्यायचं नाही. त्यांना उठवायचंसुद्धा नाही."

"एकालाच सगळं? आणि बाकीच्यांनी काय त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं?"

"अगं, खेळ आहे हा. पुढच्या वेशीवर दलदलीतला बेडूक बसलाय, घराएवढा. याने त्याला खरचटणारसुद्धा नाही. एक ना धड भाराभर चिंध्या करून ठेवल्यास तू. आता ते बदलताही येत नाही." भिंगरी दमलेली होती, महिनाअखेर जवळ आली होती, आणि जे पोटात होतं ते भलत्याच वाटेने बाहेर आलं. "हे पाळणाघर नाही, आत्या."

बोलली आणि तिने जीभ चावली, पण सुटलेला शब्द कुठला परत येतो.

"नाही, ते माहीत आहे मला," आत्या म्हणाली. तिची नजर उगाच त्या रिकाम्या खुंट्यांकडे गेली. तिने लॅपटॉप मिटला, वर रुमाल पसरला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

भिंगरीने माफी मागितली, आत्याने ती लगेच देऊनही टाकली, पण लॅपटॉपवरचा रुमाल काही हलला नाही. फार मागे लागल्यावर म्हणाली, "तुमचा खेळ चांगला आहे गं. पण तुम्ही सगळे पुढे जाणार आणि मी बेडकापाशी अडकणार. मग तू माझ्यासाठी मागे येणार. मला नाही कुणाच्या गळ्यातलं लोढणं व्हायचं. तू नोकरीवर जा, मी मस्त टीव्ही बघेन."

टीव्ही तिला आवडत नाही हे खुंटीवरच्या बदकालाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक म्हातारबुवा डोळे तपासायला आले. भिंगरी एकेक काच फिरवत विचारत होती, हे बरं की हे. बुवा प्रत्येक वेळी "माझेच डोळे खराब" म्हणून ओशाळत होते. "डोळ्यांचं सोडा हो आजोबा," ती सवयीने म्हणाली, "ते जसे आहेत तसे आहेत. बदलायची ती काच." आणि हातातली काच हातातच राहिली. बुवांनी दोनदा विचारलं, संपलं का म्हणून.

त्या संध्याकाळी तिने आपली नावाजलेली कुऱ्हाडवाली बाजूला ठेवली आणि नवं माणूस काढलं, शिंगवाली. या खेळात शिंगवाली सहसा कुणी घेत नाही. तिच्या हातात शस्त्र नसतं. ती नुसतं शिंग फुंकते, आणि तिच्या आसपास जितके सोबती असतील त्या प्रत्येकाच्या अंगात बळ येतं. एकटा सोबती असेल तर एकाला, आठ असतील तर आठांनाही तेवढंच. एकटी असली तर ती उंदरालाही भारी नाही. नव्या माणसाला सुरुवातीला मिळतात ते सगळेच्या सगळे पॉइंट भिंगरीने त्या शिंगावर घातले. मित्रमंडळींनी तिला वेड्यात काढलं. तिने काढू दिलं.

रविवारी दुपारी आत्या मटार सोलत बसली होती. भिंगरी समोरच्या वीतभर खुर्चीत गुडघे हनुवटीला टेकवून स्वतःच्या लॅपटॉपवर खेळत होती आणि मरत होती. पुन्हा उठत होती आणि पुन्हा मरत होती. सुरुवातीला तिने थोडं नाटकही केलं, कण्हली वगैरे. पण तिसऱ्या खेपेनंतर नाटकाची गरज उरली नाही. खरंच काही चालेना.

आत्याने बराच वेळ दुर्लक्ष केलं. मग मान उंचावली. मग चष्मा लावला.

"अगं, तो उंदीर आहे."

"दिसतंय मला."

"उंदीर मारता येईना तुला? ती कुऱ्हाड कुठे गेली?"

"ठेवून दिली. आता हीच आहे माझी. पॉइंट सगळे घालून बसलेय, बदलता येत नाहीत."

"कुणी सांगितलं होतं नसते उद्योग करायला," आत्या पुटपुटली. मटाराचं ताट खाली गेलं आणि लॅपटॉपवरचा रुमाल उचलला गेला. रडणारं पोर दिसल्यावर आत्याला बसून राहता येत नाही. मग ते तीस वर्षांचं का असेना.

मिशीवाली म्हातारी आली. मागोमाग आठ सांगाडे खडखडत आले. लंबूने उंदराचा एका फटक्यात निकाल लावला. भिंगरीने शिंग फुंकलं आणि हाडांच्या आठही मोळ्या कंदिलासारख्या उजळल्या. आत्याची पाठ खुर्चीत ताठ झाली. दोघी दलदलीकडे निघाल्या.

बेडूक सहजासहजी मेला नाही. धांदरट दोनदा त्याच्या जिभेखाली सापडला, आग फेकणाऱ्याची आग ओली झाली, आणि भिंगरी शिंग फुंकत आत्याच्या मागे लपली. रुसूबाईने मात्र कोपऱ्यातून बाहेर येऊन ढाल पुढे धरली, आणि त्या आडून बाकीच्यांनी बेडूक थोडा थोडा करत संपवला. प्रत्येकाचं थोडंच होतं, पण होतं आठ जणांचं. वेस उघडली. आत्या मात्र उलटी फिरली, कारण रुसूबाई मागे चिखलात पडली होती. तिला उठवलं, मग सगळ्यांना मोजलं.

"हे शिंग," आत्या मग हळूच म्हणाली, "नवख्यांना घ्यायला सांगतात का?"

"नाही. कुणीच कुणाला सांगत नाही. एकटीला याने काही जमत नाही."

"मग तिकडे गेल्यावर तू खेळणार कशी? मी नसले तर?"

"नाहीच खेळता येणार."

आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"म्हणजे मला रोज यावं लागणार," ती म्हणाली.

"यावं लागेल."

"पगार किती देणार आहेत? आणि जेवणाचं काय?"

भिंगरी खुर्ची ओढून जवळ सरकली आणि पगारापासून एकेक सांगू लागली.

नव्या शहरातली खोली लहान होती. खोकी अजून उघडलेली नव्हती, आणि पहिल्याच दिवशी नेत्रालयात रांग संपता संपेना. भिंगरी ठरल्या वेळेपेक्षा कितीतरी उशिरा पोहोचली. आत्या कंटाळून गेली असणार, निदान पुढे तरी गेली असणार, असं म्हणत तिने एका खोक्यावर लॅपटॉप ठेवला आणि हेडफोन लावले.

वेशीचं दार सताड उघडं होतं. दारात मिशीवाली म्हातारी उभी होती, आणि तिच्या मागे आठ सांगाडे रांगेत.

"जेवलीस का?" कानात आवाज आला.

"जेवते नंतर. तू अजून इथेच? दार उघडं होतं की, पुढे जायचंस."

"कशी जाणार? मोजणी पुरी होत नव्हती." आणि आत्या सावकाश, एकेकाचं नाव घेत मोजू लागली. लंबू. रुसूबाई. धांदरट. आठही झाले. मग ती जरा थांबली, पूर्वी रस्त्याच्या कडेला थांबायची तशी.

"आणि तू," ती म्हणाली. "चला आता."

भिंगरीने डोळे पुसले आणि शिंग फुंकलं.