रातकिड्यांच्या वाटणीची भाकर

दुपारी समुद्रावरून वारा आला, की इन्साफच्या घरातला पडदा फुगायचा आणि त्यावर बसलेला पाशा होडीत बसल्यासारखा वरखाली व्हायचा. पाशा म्हणजे रंग बदलणारा सरडा. त्याचा एक डोळा अलेक्झांड्रियाच्या आभाळाकडे असे, दुसरा खाटेवरच्या शहाताकडे. शहाता तर दोन्ही डोळे त्याच्यावरच लावून पडलेला असे. ट्राम हाकण्यात जन्म गेलेला इन्साफचा हा नवरा आजारपणानंतर बोलेनासा झाला होता. जेवणावरूनही त्याचं मन उडालं होतं. पाशाची जीभ सुटून रातकिडा गट्ट झाला, की मात्र तो हसायचा आणि हसण्याच्या भरात दोन घास खायचा. म्हणून तर जिने उभ्या आयुष्यात घरात झुरळ टिकू दिलं नाही, त्या इन्साफने स्वयंपाकघरात रातकिड्यांचा डबा थाटला होता.

रातकिडे भरदुपारीही किरकिरत. ऐकता ऐकता तिला पेंग येई. मग ट्राम घरातूनच चालली आहे, शहाता तरुण आहे, घंटा वाजवून आपल्याला चढ म्हणतो आहे, असं वाटे. बाईसाहेब लाजून चढतही असत.

हळूहळू किरकिर विरत गेली आणि एक दिवस ट्राम आलीच नाही. पाशा काळपट पडला, डोळे मिटून बसू लागला. नाकासमोरून रातकिडा गेला तरी ढिम्म. शहाताने भिंतीकडे तोंड फिरवलं. सरडा गेला तर हाही जाईल, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

खालच्या मजल्यावरची बदरिया शुक्रवारच्या बाजारात रातकिडे विकायची. तिने डब्याचं झाकण उघडलं आणि नाकाला पदर लावला.

"इन्साफबाई, हा डबा आहे की वाफाळलेला हमामखाना?"

"भाकर घालते. भिजवून. कोरडी कशी चावायची त्यांनी?"

"अगं बये, बुरशी धरलीय! मेलेल्यांच्या अंगावर जिवंत बसलेत. तुझा पाशा शहाणा, म्हणून तोंड मिटून बसलाय. फेक ती भाकर."

"भाकर फेकू? तुझ्या आईने हेच शिकवलं का तुला?"

"मग दोघांच्या घरात रोज एवढी उरते कशी, ते तरी सांग!"

उरत होती ती शहाताच्या वाटणीची. रोज ती डब्यात सारायची आणि आज काही उरलं नाही, अशी स्वतःची समजूत घालायची.

तिने बुरशीचे तुकडे एकेक करून उचलले, त्यांची माफी मागितली आणि गल्लीत कुणाचा पाय पडणार नाही अशा उंच कट्ट्यावर ठेवले. डबा घासून उन्हात खडखडीत वाळवला. अंड्यांचे नवे पुठ्ठे, कोरडा कोंडा, वर जाळी. बदरियाने ताजे रातकिडे आणले. "पाणी ठेवू नकोस, गाजराची चकती पुरते. मेलेला दिसला की लगेच काढ. आणि पाशाने खाल्ला नाही तर तो रातकिडा तिथे सोडू नकोस. झोपेत त्यालाच कुरतडेल."

आता भाकर लपवायला जागा राहिली नाही. ती शहातासमोर ताटातच पडून राही, आणि इन्साफला ती पाहावी लागे. फार वाईट दिवस होते ते.

मग एका दुपारी डब्यातून बारीक किरकिर आली. पडदा फुगला. इन्साफ पेंगत होती. ट्राम वळणावर आली, पाशा पालवीसारखा हिरवा झाला, त्याची जीभ सुटली, कुणीतरी हसलं. घंटा काही वाजली नाही. त्याऐवजी एक घोगरा आवाज म्हणाला,

"माझी भाकर... त्यांना घालायचीस?"

तिने डोळे उघडले. शहाता तिच्याकडेच पाहत होता. म्हणजे मेल्याने सगळं पाहिलं होतं.

"घालायचे," ती रडत म्हणाली. "आता नाही घालत."

त्याने ताटातली भाकर मोडली, घास तोंडात घातला, बराच वेळ चघळला आणि तोंड वाकडं केलं.

"शिळी आहे."

इन्साफ चपला न घालताच ताज्या भाकरीसाठी भट्टीकडे पळाली.