कुकर तेवढा दे

पद्माकरने पाठीवरची सॅक उतरवली तेव्हा गुडघा ठणकत होता, पण स्वारी खुशीत होती. सकाळी सॅकमध्ये वाळूच्या पिशव्या भरून बडोद्यात हरणीच्या सोसायटीत फेऱ्या मारायच्या, शेजाऱ्यांनी "काका, आटलुं बधुं वजन केम?" असं एवढ्या वजनाचं कारण विचारायचं आणि त्याने ऐटीत "हिमालय!" म्हणायचं, हे दिवाळीपासून चाललं होतं. आज सौमित्र येणार होता. म्हणजे सामानाची वाटणी ठरणार.

वाटणी कसली म्हणा! स्टोव्ह अनुपकडे, तंबू सौमित्रकडे आणि कुकर पद्माकरकडे, हे वर्षानुवर्षांचं ठरलेलं. तिघेही बडोद्याचे, एकाच शाळेतले. उंचावर कुकरशिवाय तांदूळ शिजता शिजत नाही. दिवसभर चढून खांदे सोलवटायचे, पायाला फोड यायचे, आणि मुक्कामावर कुकरची पहिली शिट्टी झाली की तिघे पोरांसारखे ओरडायचे. त्या भाताची सर कशालाच नाही, असं पद्माकर बायकोच्या तोंडावर सांगायचा. सुहासिनी बिचारी ऐकून घ्यायची.

परवाच तो लहरीपुऱ्याच्या बाजारात जाऊन कुकरची नवी रिंग घेऊन आला होता. जुनी सैल झाली होती, ती टाकून दिली.

सौमित्र आला, चहा प्यायला. समोर बशीत त्याच्या आवडीचा लीलो चेवडो होता, त्याला हात लावला नाही. तेव्हाच पद्माकरला खटकायला हवं होतं.

"पद्या, यंदा अनुपचा मेहुणा येतोय. सलील."

"येऊ दे की! चौघे होऊ."

"चौघे नाही रे, तिघेच." सौमित्र कपाकडे बघत म्हणाला. "तुझा गुडघा हा असा. अनुपचं म्हणणं पडलं, वाटेत काही झालं तर तुला उचलणार कोण?"

पद्माकरच्या डोक्यात सणक गेली. उचलणार कोण? अरे, गेल्या वर्षी तुला कोणी उचललं? खिंडीखाली सौमित्रच्या घोट्याची पार वाट लागली होती. त्याची सॅक छातीवर, स्वतःची पाठीवर आणि त्याचा हात खांद्यावर घेऊन पद्माकर दोन दिवस दगडधोंड्यांतून उतरला. गुडघा गेला तो तिथेच. तेव्हा हाच सौमित्र ढसाढसा रडला होता, "पद्या, तुझ्याशिवाय पुन्हा पाऊल टाकणार नाही" म्हणाला होता. आणि आता अनुपचं म्हणणं पडलं!

पण तोंडातून हे काही निघालंच नाही. "मी सराव करतोय ना," एवढंच निघालं, आणि तो आवाज त्याचा त्यालाच केविलवाणा वाटला. "पहाटे तुमच्या आधी निघत जाईन. एकदा पावागड चढायला नेऊन बघा मला, सॅकसकट."

"हट्ट करू नकोस. तिकिटंही काढून झाली." सौमित्र उठला. मग दारापाशी घुटमळून म्हणाला, "कुकर तेवढा दे. इतका हलका दुसरा मिळत नाही."

वा रे वा! कुकर हवा, पद्माकर नको.

तो स्वयंपाकघरात गेला. सुहासिनीने सगळं ऐकलं होतं. "देऊ नका," ती दबक्या आवाजात म्हणाली. "बिघडलाय म्हणून सांगा."

त्याने कुकर काढला. झाकणात बसवायला नवी रिंग हातात घेतली, आणि घेतली तशी शर्टाच्या खिशात टाकली. झाकण लावून कुकर कापडी पिशवीत घातला, वर गाठ मारली. सुहासिनी बघत राहिली.

सौमित्रने पिशवी स्कूटरवर पायांशी ठेवली. उघडून पाहिली नाही. कशाला पाहील? रिंग बसली का, शिट्टी घेतली का, हे बघणं कायम पद्माकरचं काम. पद्माकर फाटकापाशी उभा होता. दिवसभर चढून आलेला सौमित्र त्याच्या डोळ्यांसमोर आला. भूक लागली की त्याचे हात कापतात, धड बोलवत नाही त्याला. कितीही झालं तरी आपलाच तो. हात खिशात गेला.

"सौमित्र, थांब!"

सौमित्रने वळून पाहिलं ते वैतागूनच. "पुरे रे आता, पद्या! ठरलंय ते ठरलंय. पाया पडतो तुझ्या, पुन्हा तो विषय काढू नकोस."

पद्माकरचा हात खिशातच राहिला.

"काही नाही," तो म्हणाला. "सांभाळून जा."

"चल, आवजो!" स्कूटर वळणावरून दिसेनाशी झाली.

सुहासिनी पायरीवर आली होती. "दिलीत का रिंग?"

"नाही. खाऊ देत कच्चा भात."

म्हणाला खरा. पण दुपारी तिने ताट वाढलं तेव्हा त्याला भाताचा घास गिळवेना.