ओल्या गवताचा थर

आईचा आवाज अजून कानात आहे. वाफ्यात उकिडवी बसून, खुरप्याच्या तालावर ती स्वतःच जुळवलेलं म्हणायची:

आधी उपट गं हरळी, मग अंथर गं पाला,
गादीखाली काटा, कोण निजवी बाळाला?

मी सहा वर्षांची. बाळ कुठाय म्हणून वाफाभर शोधत फिरायचे.

आता आमचे हे आणि मी, दोघं मिळून लोकांच्या बागा राखतो. माझ्या नणंदेनं ह्यांचं नाव ठेवलंय झाकणदास. सख्ख्या बहिणीनं ठेवलेलं नाव, ते चुकेल कसं? केर सतरंजीखाली, करपलेली भाजी ताटलीखाली, आणि बागेतलं तण पाल्याखाली.

मास्तरीणबाईंच्या अंगणात सात गुलाब, त्यांच्या यजमानांनी, सरांनी लावलेले. सर जाऊन दोन वर्षं झाली. बाई रोज सकाळी त्या झाडांशी बोलतात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक.

गेल्या महिन्यात तिथे हरळी माजली होती. मी खुरपं घेऊन बसते तोच हे म्हणाले, “अगं, उपटत काय बसलीस? वरून जाड थर दे. खालचं आपोआप गुदमरतं.”

“मुळं राहतील की.”

“राहू देत. दिसणार आहेत का कुणाला?”

कंबर भरून आली होती. मी ऐकलं. वाळका पाला आणायचाही कंटाळा. शेजारच्या हिरवळीचं नुकतं कापलेलं ओलं गवत वीतभर दाबलं, बुंध्यांना अगदी गळपट्टा गुंडाळल्यासारखं. बाई खूश झाल्या. “किती नीटनेटकं दिसतंय गं!”

आज सकाळी त्यांनी बोलावलं. झाडांनी माना टाकल्या होत्या.

मी थरात हात घातला. आत ऊन-ऊन लागत होतं, कुणाच्या तरी तापल्या तोंडात हात घातल्यासारखं. वास असा आंबट, कुजका, की तो नाकात न जाता घशातच उतरला. गवताचा काळा चिकट लगदा झालेला, त्यात पांढरी बुरशी, आणि बोटांवर दोन गोगलगायी, शेंबडासारख्या लिबलिबीत. झटकल्या तर मनगटाला चिकटल्या. बुंध्याची साल अंगठ्यानं नुसती दाबली तर उकडलेल्या बटाट्यासारखी सुटून आली. आणि त्या घाणीतून वर निघालेले हरळीचे कोंब, फिकट, टोकदार, मजेत.

सातांतली चार गेली होती.

ह्यांनी नाकाला रुमाल लावला. “रोग आहे बाई. यंदा सगळीकडेच पडलाय.”

रोग! मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्यापेक्षा लगदा बरा वाटला.

बाई पायरीवर बसल्या. “रोग नाही हो. माझंच पाणी. आमचे हे होते तेव्हा सारखं सांगायचे, तुझा हात फार सैल, एक दिवस बुडवशील माझ्या गुलाबांना.” त्या हसायला गेल्या, पण जमलं नाही. “उरलेली तीन तुम्ही घेऊन जा. कुठेही लावा. माझ्या हातून ही तरी मरायला नकोत.”

“नेतो की,” हे लगेच म्हणाले. केवढा सुटल्याचा सूर! फावडं उचललंसुद्धा.

मी अजून गुडघ्यांवरच होते. पदराला हात पुसले, पुन्हा पुसले, वास जाईना. ह्यांची किळस येत होती हे खरं, पण महिनाभर बाईंच्या दारावरून जाताना ते जाड गवत दिसायचं, आणि मी पावलं उचलून पुढे सटकायचे. तेव्हा ह्यांनी माझं तोंड दाबलं नव्हतं.

फावड्याचं पातं पहिल्या जिवंत झाडाजवळ टेकलं. बाईंनी मान फिरवली.

“थांबा हो!” मी पातं धरलं. “खणू नका.”

“अगं, काय करतेस?” हे दबक्या आवाजात म्हणाले. “चल, घरी बोलू.”

“घरी कशाला? बाई, इकडे बघा. तुमच्या पाण्यानं काही झालेलं नाही. आम्ही तण न काढताच झाकलं. आणि हे ओलं गवत बुंध्यांना दाबून बसवलं ते मी, माझ्या ह्या हातांनी. चूक आहे हे मला तेव्हाही माहीत होतं.”